वाचकांचे गोल्फचे प्रश्न : पहिला राउंड, पावसातला राउंड आणि सेंट अँड्र्यूज

प्रश्न : सहा महिने रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सराव केला. आता सिडकोच्या खारघर कोर्सवर चौघे मिळून पहिल्यांदाच १८ होल्स खेळणार आहोत. तिघे अगदी नवखे. मागचे खेळाडू आमच्यामुळे खोळंबतील का?

उत्तर : नवखे आहात म्हणून नाही, पण तयारीत वेळ घालवलात तर नक्की खोळंबतील. खारघरला सदस्य नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येतं, त्यामुळे एकामागून एक गट लागलेले असतात. चौघांचा राउंड (१८ होल्सचा पूर्ण खेळ) चार ते साडेचार तासांत व्हायला हवा, म्हणजे एका होलला साधारण १५ मिनिटं. लक्ष मागच्या गटाकडे नको, पुढच्याकडे ठेवा. तो गट ग्रीन (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) सोडत असताना तुम्ही त्या होलच्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात) पोचलेले असाल, तर तुमचा वेग बरोबर आहे.

साधा हिशोब करून पाहा. प्रत्येकी १२० फटके धरले तर चौघांचे ४८० होतात. दर फटक्यामागे १५ सेकंद जास्त गेले तरी राउंड तब्बल दोन तासांनी लांबतो! म्हणून दुसरा मारत असतानाच आपलं अंतर मोजून काठी निवडून ठेवा. होलपासून चेंडू कुणाचा लांब आहे हे बघत बसू नका. जो तयार आहे आणि ज्याच्या समोर माणूस नाही, त्याने मारावं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) नियमांनाही हे मान्य आहे. बॅग ग्रीनच्या अलीकडे टाकून जाऊ नका, पुढच्या होलच्या टीच्या बाजूला ठेवा. स्कोअर ग्रीनवर उभं राहून लिहू नका, पुढच्या टीवर लिहा. आणि प्रत्येक होलला ग्रीनच्या सर्वांत जवळच्या टीवरून खेळा, त्यात कमीपणा काहीच नाही.

फटके वाढत गेले की चेंडू उचला. हॅन्डिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) ठरवण्यासाठीच्या पहिल्या स्कोअरकार्डांत एका होलला पार (त्या होलचे अपेक्षित फटके) अधिक ५ हीच कमाल मोजतात. पार ४ ला ९ झाले की पुढचे फटके कार्डाच्या कामाचे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो हरवलेला चेंडू. शोधायला नियमाने ३ मिनिटंच मिळतात (२०१९ पूर्वी ५ होती). रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात) हरवल्याची शंका आली की पहिला जिथून मारला तिथूनच दुसरा मारा. पण मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट म्हणा. न म्हणता मारलात तर तोच खेळातला चेंडू ठरतो, पहिला सापडला तरी. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर लगेच मोठ्याने ‘फोर!’ ओरडा. संकोचाने गप्प राहणं इथे धोक्याचं आहे.

प्रश्न : पावसाळ्यात फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू रुततो, कुठे पाण्यात थांबतो. दंड बसतो का?

उत्तर : साचलेल्या पाण्यातून दंडाशिवाय सुटका मिळते. चेंडू, तुमची उभं राहण्याची जागा आणि स्विंग, तिन्ही पाण्याबाहेर येतील अशी सर्वांत जवळची जागा शोधा. तिथून एका काठीच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. फेअरवेत किंवा रफमध्ये आपल्याच फटक्याने केलेल्या खड्ड्यात रुतला असेल तर त्या जागेच्या लगेच मागून तशीच मोफत सुटका. बंकरच्या वाळूत रुतला तर मात्र नाही, दंड नको असेल तर तो तसाच मारावा लागतो.

ओल्या जमिनीत बहुतेकांची काठी चेंडूआधी मातीत घुसते. एक नंबर मोठी काठी (७ ऐवजी ६) घ्या, चेंडू स्टान्समध्ये (दोन पायांच्या मधल्या जागेत) किंचित मागे ठेवा आणि पाऊण स्विंग करा. सुका टॉवेल छत्रीच्या आत बांधून ठेवा. ग्रिप (काठीची मूठ) ओली झाली की हात आपोआप आवळतात आणि फटका बिघडतो. गडगडाट ऐकू आला की मात्र होल अर्धा सोडून निघा. विजेच्या भीतीने खेळ थांबवायची नियमात मुभा आहे. झाडाखाली आसरा घेऊ नका.

प्रश्न : मुलगा स्कॉटलंडमध्ये शिकतो. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सामान्य माणसाला खेळता येतो का?

उत्तर : येतो. तो सार्वजनिक कोर्स आहे. आगाऊ बुकिंग नसेल तर खेळायच्या दोन दिवस आधी सोडतीत नावं द्या, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार. हॅन्डिकॅपचा पुरावा लागतो. रविवारी एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी लोक तिथे फिरायला येतात, तेव्हा नुसतं चालून पाहता येईल. हॅन्डिकॅप नसेल तर शेजारचा ९ होल्सचा बाल्गोव्ह नवख्यांसाठीच आहे. ओल्ड कोर्सवर नंबर लागलाच तर लांब पटिंगचा (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याचा) सराव करून जा : सात ग्रीन्स दोन-दोन होल्सना सामाईक आहेत आणि त्या जोडीच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते, जसं २ आणि १६. चुकीच्या झेंड्याकडे मारणं तिथे फार सोपं आहे. जाताना (पहिल्या नऊ होल्सवर) पांढरा आणि परतताना लाल, हे झेंड्यांचे रंग आधीच लक्षात ठेवा.