ब्रेक पाइपचा तेवढाच तुकडा बदलू का?

प्रश्न : गाडी साठच्या दशकातली आहे. मागे जाणारा ब्रेक पाइप एका जागी गंजून पाझरायला लागलाय. मेकॅनिक म्हणतो तेवढाच भाग कापून तांब्याची नळी जोडतो. चालेल का? आणि पेट्रोलची लाइन पण आत्ताच बदलू का?

उत्तर : अजिबात नको. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचा मार्ग, एकच असायचा, म्हणजे एक जोड सुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, आणि जोरात ब्रेक मारला की नळीतलं प्रेशर टायरमधल्या हवेच्या तीस पटीच्या वर सहज जातं. एक पाइप गंजला म्हणजे बाकीचे पण त्याच वयाचे, क्लिपखाली खरवडून बघा, कळेल. सगळेच बदला.

नुसतं तांबं नको, हादऱ्यांनी ते कडक होतं आणि तडकतं. तांबं-निकेलचा पाइप घ्या, हाताने वाकतो आणि गंजत नाही. साइज बहुतेक ३/१६ इंच, तरी मोजून घ्या. जुना पाइप अख्खा काढून नमुना म्हणून शेजारी ठेवा. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पाइपचं फुलवलेलं टोक, डबल (दुहेरी दुमडलेलं) की बबल (फुग्यासारखं) ते जुनं टोक बघून ठरवा, आणि फ्लेअर मारायच्या आधी नट सरकवा बरं का, हे सगळेच विसरतात! ३/८ इंची नट १० एमएमच्या भोकात जातो, बसल्यासारखा पण वाटतो, पण ती पकड खोटी, आटे कधी सोडतील नेम नाही.

ब्रेकचे रबरी होज (लवचिक नळ्या) पण बदला. आतून फुगले की प्रेशर पुढे जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं, मग लोक उगाच ब्रेकचे सिलिंडर बदलत बसतात. ब्रेक ऑइल पूर्वीचंच, डॉट ३ किंवा ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) असेल तर त्यात सिलिकॉनचं डॉट ५ मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पेट्रोलची लाइन, हो, गाडी वर आहे तर उरकूनच घ्या. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खातं, म्हणून नवीन होजवर आर ९ (असं पेट्रोल सोसणाऱ्या होजची खूण) छापलेलं बघून घ्या. बॅटरी काढून, इंजिन गार असतानाच हात घाला. नवी लाइन सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या, नाहीतर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडेल.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढून झाली की कुणालातरी ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरायला सांगा, आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला तर गाडी हलवायची नाही.