राय कूडर यांची ब्लाइंड विली जॉन्सन यांना वाहिलेली आदरांजली नक्कल का वाटत नाही?

जुन्या ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये जन्मलेली संगीतशैली) वादकाची धून नव्या गिटारवादकाने वाजवली, तर ती आदरांजली की नुसती नक्कल, असे आपण अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्या संदर्भात विचारले आहे. माझ्या मते ती निःसंशय आदरांजली आहे. मात्र हे पटण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण नीट ऐकायला हवे.

टेक्सासमधील अंध गायक-वादक ब्लाइंड विली जॉन्सन यांनी ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे कोलंबिया कंपनीसाठी ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. ते धार्मिक गीतेच गात, म्हणून त्यांना ब्लूज वादक म्हणावे का, असा प्रश्न उपस्थित होतो. पण त्यांची गिटार स्वर ज्या रीतीने वाकवते, ती रीत ब्लूजचीच आहे. रचनेचे नाव अठराव्या शतकातील एका इंग्रजी भक्तिगीतातून आले असून त्यात गेथशेमने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूच्या व्याकुळ रात्रीचे वर्णन आहे. जॉन्सन त्यातील एकही शब्द उच्चारत नाहीत. ते कण्हल्यासारखे गुणगुणतात, आणि संवादिनीवादकाने गायकाच्या मागोमाग जावे तशी त्यांची गिटार त्या आवाजाचे टोक उचलून पुढे नेते. ही रचना १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरील सुवर्णतबकडीतही घेतली गेली.

कूडर यांनी ही धून १९७० च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये वाजवली आणि पुढे विम वेंडर्स यांच्या ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) या चित्रपटाचे संगीत तिच्यावरच उभे केले. जॉन्सन यांच्या गुणगुणण्याची बरोबरी करण्याचा मोह त्यांनी टाळला. गाणारा आणि साथ करणारा अशा दोन्ही भूमिका त्यांनी गिटारवर सोपवल्या, आणि दोन स्वरवाक्यांमधील शांतता निर्धास्तपणे लांबू दिली. जॉन्सन यांच्याच टेक्सासात, वाळवंटातून न बोलता चालत येणाऱ्या नायकामागे ही शब्दहीन धून वाजते, तेव्हा ती बाहेरून आणून चिकटवल्यासारखी मुळीच वाटत नाही.

आपण प्रथम १९२७ चे ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि मग चित्रपटाचे संगीत ऐकताना जॉन्सन यांचा आवाज जेथे खाली उतरतो तेथे कूडर काय करतात, याकडे लक्ष द्यावे. मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची, गोडी असलेल्या श्रोत्यांनी कूडर यांचा मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांच्यासमवेतचा १९९३ चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बमही अवश्य ऐकावा.