नुसती शिडी

प्रिय ताई,

परवाच्या सुट्टीचा हिशेबच देतो, म्हणजे माझं दुखणं कळेल. सकाळी साडेसहाला उठलो. यादी आदल्या रात्रीच करून ठेवली होती, १४ कामांची. बाथरूममधला गळका नळ उघडून वॉशर बदलला. पावसाळी हवेने अडकणाऱ्या मागच्या दाराला रंधा मारला. हार्डवेअरच्या दुकानात दोन खेपा झाल्या, कारण पहिल्यांदा आणलेले स्क्रू आखूड निघाले. अंगणातलं गवत काढलं, कुंपणाची झुडपं छाटली. शिडी लावून पन्हळ साफ केली. शिडी एकदा सरकली, पण निभावलं. मग भिंतीवर फळी बसवली. संध्याकाळी साडेसातला हात धुतले तेव्हा यादीतल्या ११ कामांवर खूण झाली होती.

आता बाकीच्यांचं ऐका. बायको दिवसभर बाहेर. आईचे डोळे तपासून आणणं, बिलं, धाकटीच्या शाळेचं काहीतरी. तीही कामं करते, नाही म्हणत नाही, पण ती बसून होणारी. आणि १७ वर्षांचा मुलगा! अख्ख्या दिवसात त्याने काय केलं, तर नुसती शिडी धरली. रात्री भांडी आवर म्हटलं, तर हात दुखतोय म्हणाला. डाव्या हातात मोबाइल धरून तासभर लोळत होता, तेव्हा नाही दुखला. घर सगळ्यांचं असतं, ही जाणीव या मुलाला कधी आणि कशी करून द्यायची?

एकटाच राबणारा

*

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कंटाळा आला, खोटं कशाला बोलू? सुट्टी होऊन गेली की अशी पत्रं मला येतातच. नळ, गवत, बिलं, आणि शेवटी ‘घरात मी एकटाच’. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि तीन ठिकाणी रेघ मारली गेली. तुम्ही ती वाक्यं एकमेकांपासून लांब लिहिली आहेत. मी एकाखाली एक ठेवते.

शिडी एकदा सरकली, पण निभावलं.
नुसती शिडी धरली.
हात दुखतोय म्हणाला.

आता सांगा, निभावलं ते कसं?

सरकायला लागलेली शिडी मध्येच विचार बदलून थांबत नाही. स्थिर पायाला जमिनीची जितकी पकड असते, तितकी घसरत्या पायाला राहत नाही. म्हणून शिडी एकदा निसटली की निसटतच जाते, आणि वरच्या माणसाला ‘अरे’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. तुमची थांबली. तिचा पाय एखाद्या दगडाला अडला असेल, मी नाही म्हणत नाही. पण दगडाचा हात रात्री दुखत नाही.

ती सरकली का, तेही मी इथे बसून सांगू शकते. पन्हळ लांब असते आणि शिडी एका जागी असते. हाताच्या टप्प्यातला पाला काढून झाला की खरं म्हणजे खाली उतरायचं, शिडी दोन हात पुढे सरकवायची आणि पुन्हा चढायचं. हे कोणी करत नाही. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, सगळं अंग बाजूला कलंडलेलं आणि बोटं त्या शेवटच्या चिखलाच्या गोळ्याकडे ताणलेली, असा माणूस मी घरात पाहिलेला आहे. नियम साधा आहे. पोटावरचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेलं, की तुम्ही शिडीवर नाही, हवेत आहात. दुसरी गोष्ट पायाची. वरचं टोक ज्या उंचीवर टेकतं, त्याच्या पाव अंतरावर खालचा पाय हवा, म्हणजे १२ फुटांवर टेकत असेल तर भिंतीपासून ३ फूट. आणि ओल्या अंगणात पायाखाली फळी हवी, नाहीतर एक दांडा मातीत रुततो आणि शिडी तिरकी होते. तुम्ही फळी घातली होती का? यादीत तरी दिसली नाही.

आता खाली येऊ या. तुम्ही त्या दिवशी खाली पाहिलंच नाहीत. त्यात तुमचा दोष कमी आहे, शिडीवरच्या माणसाचं तोंड भिंतीकडेच असतं. पण शिडी धरणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही असं दिसतं. दोन्ही हात दोन दांड्यांवर, एक पाऊल सगळ्यात खालच्या पायरीला रेटून, मान वर. मान वर म्हणजे पन्हळीतला कुजलेला पाला आणि काळं पाणी तोंडावर. डोळे पुसायला हात सोडायचा नाही. खिशात फोन वाजला तरी सोडायचा नाही. वरचा माणूस कलला की त्याचं वजन दांड्यातून आधी खालच्या हातांना कळतं, वरच्याला नंतर. आमच्याकडे शिडी मीच धरते. एकदा, फक्त एकदा, दारावरची बेल वाजली म्हणून सोडली होती. कोणाला काही झालं नाही, पण बेल कोणी वाजवली होती हे मला आज आठवत नाही आणि वरून आलेला तो आवाज आठवतो.

तुमचा मुलगा असा किती वेळ उभा होता? पत्रात नाही. नळाला किती वेळ लागला ते तुम्हाला माहीत असणार, दुकानाच्या खेपा तर तुम्ही मोजल्याच आहेत. मुलाच्या वाट्याला आलेला शब्द मात्र एकच, ‘नुसती’.

मला त्या ‘नुसती’चा राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही. त्या शब्दाखाली तुम्ही बायकोलाही बसवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताटकळणं, बिलांच्या रांगा, शाळेतली धावपळ, ही म्हणे बसून होणारी कामं. तुमच्या यादीत ज्याला घाम आणि धूळ लागते तेवढंच काम. तिचं पत्र येईल तेव्हा तिच्याशी बोलेन, आज मला त्या मुलाच्या हाताची काळजी आहे.

डाव्या हातात मोबाइल होता, हे तुम्हीच लिहिलंय. टोमणा मारण्याच्या भरात लिहिलंत, पण बरं झालं लिहिलंत. तो डावखुरा असता तर एवढ्या मोठ्या पत्रात कुठेतरी आलं असतं. उजव्या हाताचा मुलगा तासभर डाव्या हातात फोन धरून पडून राहतो, भांडी आवरायला सांगितल्यावर हात दुखतोय एवढंच म्हणतो, कशाने ते सांगत नाही. का सांगत नाही? कारण सांगायला गेला, तर ‘बाबा, तुम्ही पडत होतात’ असं म्हणावं लागेल. ११ कामांवर खूण करून बसलेल्या बापाला हे कोण सांगेल? १७ वर्षांचा मुलगा तर मुळीच नाही सांगणार.

मी तिथे नव्हते. माझा अंदाज चुकीचाही निघेल. पण तो चुकला हे कळायलासुद्धा तुम्हाला तेच करावं लागेल जे मी सांगणार आहे, आणि मी एकच गोष्ट सांगणार आहे.

आज रात्री त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘त्या दिवशी शिडी सरकली, तेव्हा तू काय केलंस?’ एवढंच विचारून गप्प बसा. पहिल्यांदा तो ‘काही नाही’ म्हणेल. तरी उठू नका. तो सांगायला लागला की मध्ये ‘पण तू तिथे असं धरायला हवं होतंस’ हे येता कामा नये. तुमच्या तोंडात ते वाक्य तयार आहे, हे मला पत्रावरूनच दिसतंय. गिळून टाका.

तुम्हाला वाटेल, ताई आता म्हणणार की पुढच्या सुट्टीला मुलाला वर चढवा आणि तुम्ही खाली उभे राहा. नाही. तसं केलंत तर त्याला पुन्हा हेच कळेल, की वर चढणं हे काम आणि खाली उभं राहणं ही हजेरी. शिडी त्यालाच धरू द्या. बदल एवढाच करायचा, की तो ‘उतरा’ म्हणाला की उतरायचं. अर्ध्यात असाल तरी, हातात पाला असला तरी, यादीत खूण राहिली तरी. कारण विचारायचं ते खाली आल्यावर. जाणीव कशी करून द्यायची असं विचारलं होतंत ना? जाणीव त्याच्याकडे आहे हो. ती नसती तर त्याने फोन बघण्यासाठी एक हात सोडला असता आणि हे पत्र तुम्ही लिहिलं नसतंत.

दाराचंही राहिलंच. फुगलेल्या दाराला पावसाळी हवेत रंधा मारायचा नसतो, दादा. लाकूड ओल पितं आणि आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. हवा कोरडी झाली की तेच दार आपोआप आखडतं, आणि तेव्हा तुम्ही तासून काढलेल्या जागी फट दिसेल. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग आहे का ते बघा. बहुतेक घरांत नसतो, कारण ती कड डोळ्यांना दिसत नाही, आणि ओल सगळ्यात जास्त तिथूनच आत शिरते. कोरड्या दिवसांत तेवढं रंगवून घ्या. एका खुणेच्या घाईत चांगलं दार तासलंत, आता असू द्या.

आणि गोष्ट ऐकून झाली की त्याचा उजवा हात तुमच्या हातात घ्या. दांड्याच्या कडेने तळव्यावर वळ उठले असतील, ते आता पुसटही झाले असतील. मूठ वळायला सांगा. मनगट सुजलंय का बघा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूच्या खळग्यात हळूच दाबा. तिथे दुखलं तर डॉक्टरांकडे न्या, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही पण दुखणं राहिलं, तर पुन्हा न्या. मनगटातलं एक छोटं हाड असं आहे, की ते मोडलं तरी सुरुवातीचे काही दिवस एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही.

भांडी आज तुम्ही घासा.

तुमची,
ताई