शुगर असलेल्या बाबांना हृदयासाठी फिश ऑइलच्या कॅप्सूल सुरू करू का? कोणत्या कंपनीच्या चांगल्या?

तुम्ही लिहिलंय की बाबा 61 वर्षांचे आहेत, दहा वर्षांपासून शुगर आहे, हार्टचा त्रास अजून नाही. शेवटी लिहिलंय, ‘घर शाकाहारी आहे, कशाची कॅप्सूल आहे ते त्यांना सांगणार नाही.’ या शेवटच्या ओळीसाठी उत्तर लिहितोय. न सांगता देऊ नका. आम्ही दिली होती.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. त्यांना संभाजीनगरला स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला आणि घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दाजी बाटली घेऊन आले. ते तेव्हा एका साखळी मार्केटिंगवाल्या कंपनीचा माल विकायचे. 60 कॅप्सूल, 1,800 रुपये. मी बाटली फिरवून बघितली तर मांसाहाराची तपकिरी खूण. दाजी म्हणाले, “औषधाला कसला विटाळ? अण्णांना सांगू नको म्हणजे झालं.” मी गप्प बसलो. कॅप्सूल स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि रोज रात्री बाकीच्या गोळ्यांसोबत द्यायला लागलो. अण्णा म्हणायचे, ढेकराला घाण वास येतोय. आम्ही ओवा द्यायचो.

आईच्या हाताला रिकामी बाटली लागली. तिनं ती धुऊन त्यात जवसाची चटणी भरली. एका दुपारी अण्णा जेवायला बसले होते आणि माझी पोरगी, पाचवीतली, समोर बसून बाटलीवरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचत होती. “आजोबा, फिश म्हणजे मासा ना?” अण्णांनी बाटली हातात घेतली, लांब धरून बघितली. मग भाकरीवरची चटणी बोटानं निपटून ताटाच्या कडेला लावली आणि ताटातच हात धुतले. आईला नाही, मला विचारलं, “काय काय चारायलात मला तुम्ही?” संध्याकाळी गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली.

त्या दिवसापासून त्यांचा एकाही गोळीवर विश्वास राहिला नाही. आमच्यासमोर हातात घ्यायचे आणि परसात जाऊन टाकायचे. रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, सगळ्याच. 19 दिवस. विसाव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. नवीन स्टेंट असताना रक्त पातळ ठेवायची गोळी अचानक बंद केली की हा धोका असतोच. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? त्याचं उत्तर मला आईसमोर द्यावं लागलं.

अण्णा वाचले. पण दाजी आजही लग्नकार्यात चारचौघांत सांगतात, कॅप्सूल पोटात होती म्हणून वाचले. हे साफ खोटं आहे. वाचले ते वेळेवर जीप मिळाली आणि गुठळी काढली म्हणून.

दाजी इटलीतल्या 1999 च्या अभ्यासाचा दाखला देतात. तो खरा आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 11,324 लोकांवर झाला आणि माशाचं तेल घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. पण तेव्हा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आजच्यासारख्या सर्रास दिल्या जात नव्हत्या. तुमच्या बाबांसारख्यांवरचा अभ्यास आहे तो ब्रिटनमधला ‘असेंड’, 2018 साली आलेला. शुगर आहे पण हृदयविकार नाही असे 15,480 लोक, सरासरी सात वर्षांहून जास्त काळ. निम्म्यांना रोज एक ग्रॅम माशाचं तेल, निम्म्यांना ऑलिव्ह तेल. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग एकीकडे 8.9 टक्क्यांना, दुसरीकडे 9.2 टक्क्यांना. म्हणजे धरण्यासारखा फरक नाही.

दाजी ‘25 टक्के धोका कमी’ असंही सांगतात, ते वेगळ्याच औषधाचं आहे. ‘रिड्यूस-इट’ अभ्यासात रोज चार ग्रॅम शुद्ध केलेलं ईपीए (माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चरबीचा एक प्रकार) दिलं होतं, तेही कोलेस्टेरॉलची गोळी चालू असून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, चढेच राहिलेल्यांना. त्यातही तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलानंच दुसऱ्या गटाचं नुकसान झालं का, यावर वाद आहे. दुकानातल्या 1000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए बहुधा 180 मिलिग्रॅम आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-3 चाच दुसरा प्रकार, 120. तो डोस गाठायला दिवसाला वीसच्या वर कॅप्सूल लागतील. तसं चुकूनही करू नका, जास्त डोसनं हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो.

म्हणून कंपनीचं नाव मी सांगत नाही. शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सांभाळा. ट्रायग्लिसराइड फारच जास्त असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर कॅप्सूलचं त्यांना आधी सांगा. जवस खाऊ द्या, चांगलंच आहे, पण त्यातल्या ओमेगाचं शरीरात ईपीए फार थोडं बनतं. शाकाहारी माणसासाठी शेवाळापासून काढलेलं तेलही मिळतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

अण्णांनी पुढच्या आषाढीला पंढरपुरात पुन्हा माळ घातली. आता मी रोज रात्री एकेक गोळी नाव सांगून त्यांच्या हातावर ठेवतो. तरी ते विचारतातच, “यात काय आहे?” मग पोरगी चष्मा आणून देते आणि ते पाकीट स्वतः वाचतात.