टोकन नंबरला युजरनेम करू नका (उत्तर लांबलंय, माफी असावी)

तुमची पोस्ट सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचली. चाकणची कंपनी, साडेसहाशे माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी, ट्रेनिंग विभाग म्हणजे तुम्ही एकट्याच, आणि साहेबांनी सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून सगळं एलएमएसवर (कोर्स आणि त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर). तुम्ही विचारलंय की मूडल हे एलएमएस घ्यावं की विकतचं काही. त्यावर वर बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलंय, मी त्यात पडत नाही. मूडलला लायसन्सचे पैसे लागत नाहीत, सर्व्हरचे आणि तो सांभाळणाऱ्या माणसाचे लागतात. तो माणूस असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ. माझ्या मते तो प्रश्न एवढाच आहे.

मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'दर महिन्याला टाइम ऑफिसकडून एक्सेल घेऊन टोकन नंबरने युजर अपलोड करणार आहे, ते सोपं दिसतंय.' (इतर वाचणाऱ्यांसाठी: टाइम ऑफिस म्हणजे हजेरी-पगाराचा हिशेब बघणारे, टोकन नंबर म्हणजे कामगाराच्या कार्डावरचा नंबर.) सोपं आहे हो. मीही २०१८ साली हेच केलं होतं.

आधी सांगून ठेवतो, मी आयटीचा नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा, बारा वर्षं शॉपवर, मग ट्रेनिंगला. खाली मूडलबद्दल जे लिहितोय ते आमच्या त्या वेळच्या आवृत्तीवर घडलेलं आहे. तुमच्याकडे मेनू इकडचे तिकडे असतील. टेस्ट साइटवर चार खोटे युजर बनवून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आमच्याकडे कंत्राटदाराला नंबरांची एक रांग दिलेली असायची. समजा २००१ ते २३००. माणूस सोडून गेला की त्याचं कार्ड जमा, लॉकर रिकामा, आणि पुढच्या आठवड्यात आलेल्या पोराला तोच नंबर. पगाराच्या हिशेबाला त्यात काही बिघडत नाही, कारण तिथे नंबर आणि महिना एवढं पुरतं. म्हणजे टाइम ऑफिसचं तसं चूक नव्हतं. चूक ही की मी हे त्यांना कधी विचारलंच नाही, आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

मी काय करायचो? महिन्याच्या १ तारखेला त्यांची एक्सेल घ्यायची, सीएसव्ही (स्वल्पविरामांची साधी फाइल) करायची, मूडलच्या 'अपलोड यूजर्स'मध्ये टाकायची. तिथे अपलोडचा प्रकार विचारतात. मी 'ॲड न्यू अँड अपडेट एक्झिस्टिंग यूजर्स' निवडायचो आणि खाली 'ओव्हरराइड विथ फाइल'. वाटायचं, नवीन असेल तो वाढेल, जुन्याचं नाव-विभाग दुरुस्त होईल, एका दगडात दोन पक्षी. पण युजरनेम होतं टोकन नंबर. २११७ नंबरचा जुना माणूस गेला, २११७ नंबरचा नवा आला, आणि मूडलने इमानेइतबारे जुन्या खात्यावर नव्याचं नाव चढवलं. खातं तेच, त्यामुळे आधीच्या माणसाचे सगळे कोर्स, मार्क, सर्टिफिकेटं नव्या माणसाच्या नावावर. लॉग उघडला तर तिथेही मागच्या वर्षीच्या नोंदींसमोर नवीनच नाव, कारण आत सगळं खात्याच्या अंतर्गत क्रमांकाला बांधलेलं असतं, नाव फक्त वरून दिसतं. कुठे लाल अक्षर नाही, एरर नाही. उलट माझा डॅशबोर्ड दर महिन्याला अधिक हिरवा होत होता आणि मी तो मीटिंगमध्ये दाखवत होतो!

सव्वा वर्ष हे चाललं.

मग ऑडिट. ऑडिटर लीक टेस्टच्या (पार्ट गळतो का ते तपासायच्या) स्टेशनवर थांबले. तिथल्या पोराचं नाव, टोकन घेतलं आणि मला म्हणाले, याची पात्रता दाखवा. मी टॅबवर ऐटीत उघडून दिली. लीक टेस्टिंग, मे २०१८, ९० टक्के, पास. त्यांनी पोराला सहज विचारलं, कधीपासून आहेस इथे? पोरगं म्हणालं, 'जानेवारीपासून, सर.' ते होतं २०१९. ऑडिटरांनी एकदा टॅबकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आणखी सहा टोकनं काढायला लावली, त्यातली दोन तशीच निघाली.

मेजर एनसी आली, म्हणजे मोठी त्रुटी नोंदवली गेली. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात ७.२.२ कलम आहे, कामावरच्या प्रशिक्षणाचं. त्यात कंत्राटी आणि एजन्सीची माणसंही धरलेली आहेत, तेव्हा 'ती कंत्राटदाराची माणसं आहेत' ही पळवाट नाही. (आमच्या एका साहेबांनी भर मीटिंगमध्ये ती टाकून बघितली.) पण एनसीपेक्षा महाग पडलं ते पुढचं. त्या स्टेशनवरून गेलेला माल अडवून पुन्हा तपासायला लागला. आणि एक नोंद खोटी निघाली म्हणजे साडेसातशे माणसांच्या सगळ्याच नोंदी संशयात. मी आणि एक ट्रेनी मुलगी, आम्ही तीन आठवडे रेकॉर्ड रूममध्ये खोकी उघडून जुन्या सह्यांच्या हजेरीपत्रकांवरून एकेक नाव जुळवत होतो. त्या कागदांना मीच 'आता याची गरज नाही' म्हणून रद्दीत काढणार होतो. एक जुना डेटाबेस बॅकअप सापडला म्हणून निदान अर्ध्या लोकांचं आधीचं नाव तरी कळलं.

आणि त्या तीन आठवड्यांत मला हवं काय होतं? एक यादी. कोणता टोकन नंबर कोणत्या तारखेपासून कोणाकडे होता. ती ज्यांच्याकडे होती त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, मेल टाका. दुसऱ्या दिवशी, साहेबांची मंजुरी आणा. मंजुरी आणली तर म्हणे ही गोपनीय माहिती आहे, पगाराशी संबंधित. अहो, मी पगार कुठे मागतोय? शेवटी प्लांट हेडनी फोन केल्यावर अकराव्या दिवशी प्रिंट मिळाली. हो, प्रिंट. एक्सेल नाही. ती आम्ही हाताने टाइप केली. असो, आज त्यातले निम्मे लोक तिथे नाहीत, मीही नाही.

आता उपाय. कोणी वेगळं सांगेल, पण मला यात तडजोड मान्य नाही.

ट्रेनिंगचा स्वतःचा नंबर काढा. रुजू वर्ष आणि क्रमांक, १९-०४१२ असा. एकदा दिला की तो त्या माणसाचा, सोडून गेला तरी दुसऱ्याला नाही. हाच युजरनेम. टोकन नंबर प्रोफाइलमध्ये 'आयडी नंबर'च्या रकान्यात ठेवा, तो बदलू दे हवा तितका. याचा दुसरा फायदा असा की कंत्राटी मुलगा ट्रेनी झाला, मग परमनंट झाला, दरवेळी टोकन बदललं, तरी त्याचा इतिहास सलग राहतो. आमच्याकडे परमनंट झालेल्यांना सगळे कोर्स पुन्हा पहिल्यापासून करायला लावत होते, आणि ते शिव्या मला देत होते.

युजरनेमला मोबाइल नंबर नको, पोरं सिम बदलतात. आधार तर अजिबात नको. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा बाजूला ठेवला तरी साडेसहाशे लोकांचे आधार नंबर सुपरवायझरच्या स्क्रीनवर दिसावेत असं तुम्हाला वाटतं का?

अपलोडच्या दोन वेगळ्या फायली करा. नवीन रुजू झालेल्यांची फाइल 'ॲड न्यू ओन्ली'ने टाका. आधीच असलेलं खातं मूडल वगळतं आणि तसं सांगतं, आणि तो इशारा म्हणजेच तुमचा पहारेकरी. बदलांची फाइल 'अपडेट एक्झिस्टिंग यूजर्स ओन्ली'ने, तीही नावाचा रकाना काढून टाकून. सोडून गेलेल्यांना 'सस्पेंडेड' रकान्यात १ द्या, डिलीट करू नका. टोकनने खाती आधीच बनवली असतील तर फाइलमध्ये 'ओल्डयूजरनेम' असा रकाना देऊन युजरनेम बदलण्याची परवानगी चालू केली की ते बदलता येतं, इतिहास जागेवर राहतो. पण आधी बॅकअप!

एक्सेलचं सगळ्यांना माहीतच असेल, तरी लिहितो. ००४१२ चं ते ४१२ करून टाकतं, तो रकाना आधी टेक्स्ट करा. आणि मराठी नावं असतील तर यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं टिकवणाऱ्या प्रकारात) सेव्ह करा, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल.

विषय निघालाच आहे तर एक. बाहेरून कोर्स बनवून घेणार असाल तर 'पूर्ण' कधी धरायचं ते लिहून घ्या. स्कॉर्मच्या (एलएमएसमध्ये कोर्स टाकायच्या ठरलेल्या साच्याच्या) पॅकेजमध्ये ते बनवणारा ठरवतो. आमच्याकडे शेवटची स्लाइड उघडली की 'कम्प्लीटेड' व्हायचं. कँटीनजवळच्या किऑस्कवर (सगळ्यांसाठी ठेवलेल्या संगणकावर) एका सुपरवायझरने रात्रपाळीत अख्ख्या लाइनचे कोर्स एकट्याने पूर्ण केले होते, पासवर्ड सगळ्यांचे जन्मतारीख. त्याला मी दोष देत नाही, त्याच्यावर टार्गेट होतं. तेव्हापासून मी स्टेशनची पात्रता एलएमएसच्या टिकमार्कवर देत नाही. तिथे उभं राहून, करून दाखव म्हणायचं, आणि मग सुपरवायझरने नोंद करायची. व्हिडिओही बाहेरच्या गोड आवाजात नको, आपल्याच सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलायला लावा, जरा गावरान झालं तरी चालेल.

आता तुमच्यापुरतं. काही अपलोड करण्याआधी टाइम ऑफिसकडून गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांची टोकनसकट यादी मिळवा आणि आजच्या हजेरीशी ताडून बघा. प्रिंट देत असतील तर प्रिंट घ्या. किती नंबर दोनदा वापरलेत ते इथे जरूर लिहा. आमच्याकडे ४१ निघाले होते, आणि त्यातला एक नंबर चौघांनी वापरलेला होता.