मे महिन्याच्या उन्हात खाडीकिनाऱ्यावरून गरीला जास्त मासे कसे लागतील?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत रत्नागिरीला गेलात, सकाळी दहापासून चारपर्यंत खाडीच्या कडेला गरी टाकून बसलात, डिसेंबरात चाललेली तीच कोळंबी लावलीत, आणि हाती दोन शिंगट्याच आल्या. आमिष बदलू नका, वेळ बदला.

पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. दुपारी खाडीच्या कडेचं उथळ पाणी तापलं की मासा तिथे थांबत नाही, खोल डोहात किंवा सावलीला जाऊन स्वस्थ राहतो. भरती मात्र समुद्रातलं गार, ढवळलेलं पाणी आत आणते आणि त्यासोबत मासा कडेला चरायला येतो. म्हणून उन्हाळ्यात भरती आणि गारवा एकत्र येईल असा दिवस निवडायचा.

तो दिवस कालनिर्णय बघून काढता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटेही आणि संध्याकाळीही. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या मुखापासून जितके आत जाल तितकी भरती उशिरा लागते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याला जोर नसतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पण पाणी ऐन दुपारी भरतं. त्या दिवसांत अंधार पडल्यावर चढणारं पाणी धरा. माझ्या मते सगळ्यात चांगल्या तिथी एकादशी ते त्रयोदशी, पक्ष कोणताही असो. पाण्याला ओढ आलेली असते, आणि उजाडताना व सूर्य कलताना, दोन्ही वेळा भरती निम्मी चढलेली असते. एकादशीला घरात मासे शिजत नसतील तर पुढचे दोन दिवस आहेतच.

जागेबाबत नवखे लोक एक गोष्ट हमखास करतात, जोर लावून गरी खाडीच्या मध्यावर फेकतात. चढत्या पाण्यात तांबोशी आणि जिताडा कांदळवनाच्या मुळांशी येतात, काळुंदर दगडी बांधाला चिकटून असते. कडेपासून चार-पाच हातांवर टाका आणि स्वतः मागे उभे राहा, पाण्यावर सावली पडू देऊ नका. उन्हाळ्यात गढूळपणा नसल्यामुळे माशाला सगळं दिसतं, म्हणून काळुंदरसाठी तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, बारीक घ्या. कांदळाजवळ मात्र जाड हवा, कारण तांबोशी गरी लागताच मुळांत शिरते. दुपारीच जाणं भाग असेल तर जेटीच्या खांबांची सावली किंवा खोल वळण शोधा आणि अपेक्षा बेताची ठेवा.

आणखी एक, पावसाआधी नद्यांना पाणी नसतं, त्यामुळे खारं पाणी बरंच आतपर्यंत चढतं आणि खाऱ्यातले मासेही. काजळीसारख्या नदीत मुखाजवळच्या गर्दीपेक्षा आतल्या भागात बसून बघा. वाशिष्ठीचं गणित वेगळं आहे. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं गोडं पाणी उन्हाळ्यातही तिच्यात उतरतं.

आमिषाची काळजी एवढीच घ्या की ते उन्हात मऊ पडू नये. मेलेली कोळंबी मीठ चोळून ओल्या गोणपाटात ठेवा, गरीवर टणक राहते. जिवंत असेल तर बादलीतलं पाणी वरचेवर बदला आणि कोळंबी शेपटीकडून ओवा, जास्त वेळ हालती राहते. गांडुळंही चालतात, पण खाऱ्या पाण्यात लवकर मरतात.

बर्फ घरूनच न्या. या उष्म्यात मासा तासाभरात उतरतो, म्हणून लागल्या लागल्या कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. हाताएवढी जिताड्याची पिल्लं परत सोडा, ती अजून बरीच वाढायची असतात. शिंगटीचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. आणि मे अखेरीला समुद्र फुगायला लागला की मुखावरच्या खडकांवर अजिबात जाऊ नका, खाडीच्या आतच बसा.