गाडलेल्या कामाचं बिल कसं तपासायचं?

प्रश्न : कोथरूडला आमच्या गल्लीत सांडपाण्याची नवी लाइन टाकली आहे. लांबी साधारण 180 मीटर. बिलात खोदाई सरसकट अडीच मीटर आणि बरीचशी 'कठीण खडकात', म्हणजे महागड्या दराने, दाखवली आहे, असं कानावर आलं. आम्हाला तर मुरूमच निघताना दिसला. आता सगळं बुजवून वर डांबर झालंय. तक्रार कुठे करायची?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तक्रारीचं नंतर पाहू, आधी कागद हातात घ्या. माहिती अधिकारात महापालिकेकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. कार्यादेश व त्यातलं दरपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीची) पानं, अंतिम देयक, खोदाईचे फोटो, खडकाचा प्रकार ठरवल्याची नोंद आणि राडारोडा टाकल्याच्या पावत्या मागा. 'भ्रष्टाचाराची माहिती द्या' असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही.

खोदाई बुजली तरी चेंबर उरतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. तो वापरून अभियंत्यासमोर प्रत्येक चेंबरची खोली टेपने मोजून घ्या. झाकण स्वतः उघडू नका आणि आत तर मुळीच उतरू नका, विषारी वायू असतो. लाइनीला उतार असल्याने एका चेंबरवरून निष्कर्ष काढू नये, सरासरी घ्यावी. पाइपाची जाडी आणि खालचा थर यांसाठी 15–20 सेंटिमीटर वाढवून धरा, नाहीतर पहिल्याच उत्तरात तुमचं गणित मोडून काढतील.

समजा सरासरी 1.6 निघाली, तर वाढवून 1.8 मीटर. चर एक मीटर रुंद असेल तर खोदाई 324 घनमीटर होते. अडीच मीटरने ती 450 होते. म्हणजे 126 घनमीटरचा खुलासा त्यांनी द्यायचा.

खडकाबाबत मात्र सावध राहा. पुण्यात मुरुमाखाली काळा कातळ लवकर लागतो, त्यामुळे दावा खराही असू शकतो. फोटोंवरच्या तारखा, ब्रेकर (खडक फोडायचं यंत्र) लावल्याची नोंद आणि मोजमापाची तारीख जुळते का ते पाहा. चर बुजवल्यानंतरचं मोजमाप असेल तर तो मुद्दा सर्वांत भक्कम. पावत्यांवरचे गाडी क्रमांकही तपासा. एकच गाडी एकाच वेळी दोन ठिकाणी, हे कागदावर सहज घडतं.

'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला किंवा 30 दिवसांत उत्तरच नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जा.

मग तक्रार. ती खातेप्रमुखांना द्या, प्रत दक्षता आणि लेखापरीक्षण विभागाला. बिल, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन रकाने पुरेत. 'चोर' वगैरे शब्द टाळा. संयुक्त फेरमोजणी होईपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत (कामाच्या हमीसाठी राखलेली रक्कम) परत देऊ नये, अशी स्पष्ट मागणी करा. एकदा ती सुटली की वसुली अवघड होते. कुणी लाच मागितल्याचं समोर आलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी 1064. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका, अपिलाच्या मुदती त्यावरूनच मोजतात.